तासाला चोवीस रुपये

(या भागातल्या बोलण्याचा हा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे. बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे.)

कुणी बसमध्ये असाल, कुणी पोळ्या लाटत असाल, कुणी बाळाला झोपवता झोपवता एका कानात हेडफोन घालून ऐकत असाल. मीही असंच ऐकते, म्हणून माहितीय.

मी नाशिकची. एका पतसंस्थेत लेखनिक आहे, म्हणजे सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा किर्द, खतावणी, व्हाउचर हेच काम. मला एक मुलगी आहे, ही गोष्ट सुरू झाली तेव्हा ती पाच वर्षांची होती. आणि नोकरी सांभाळून मी भाजणी विकते. चकलीची, थालीपिठाची, उपासाची. माझं दुकान वगैरे काही नाही. एक फोन आहे, स्वयंपाकघर आहे आणि सासूबाईंच्या हाताची चव आहे.

मला बोलवलं तेव्हा सांगितलं होतं की सोशल मीडियावरून धंदा कसा वाढवला ते सांगा. ते सांगतेच. पण त्याच्या आधी एक आकडा सांगते. पहिल्या दिवाळीत माझी कमाई किती झाली माहितीय? तासाला चोवीस रुपये. आणि हे कळायला मला दिवाळीनंतर दोन आठवडे लागले. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासते!

तर पहिल्यापासून सांगते.

२०२१ चा सप्टेंबर महिना होता. सासूबाईंनी, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, थालीपिठाची भाजणी केली होती. मी सहज परातीचा फोटो काढला आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘घरची भाजणी. कुणाला हवी?’ खरं सांगते, गंमत म्हणून लिहिलं होतं. रात्रीपर्यंत नऊ जणींचे मेसेज आले. त्यातल्या दोन माझ्याच ऑफिसातल्या, एक मुलीच्या शाळेतली आई, बाकी सोसायटीतल्या. मला इतका आनंद झाला की मी लगेच दर सांगून टाकला. कसा ठरवला? कोपऱ्यावरच्या दुकानात पाकिटातली भाजणी १८० रुपये किलो होती. मी म्हटलं, आपण काय मोठी कंपनी आहोत का, आपण १६० ला देऊ.

हा माझा पहिला घोळ. दर मी दुकानातल्या पाकिटाकडे बघून ठरवला. स्वतःच्या स्वयंपाकघरात काय चाललंय तिकडे बघितलंच नाही.

मग दिवाळी आली. मी व्हॉट्सअॅप बिझनेस घेतलं, इन्स्टाग्रामवर पान उघडलं, सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिन काकांना विचारून मेसेज टाकला. बघता बघता ६० किलो चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी आल्या. साठ किलो! घरगुती शेगडीवर साठ किलो म्हणजे काय ते ज्यांनी भाजणी केलीय त्यांनाच कळेल. तांदूळ, डाळी धुऊन सावलीत पंच्यावर वाळत घालायच्या. मग एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. घाई करून चालत नाही. आच मोठी केली की डाळ वरून लाल होते, आतून कच्ची राहते. पाच किलोच्या एका घाण्याला अडीच तास. असे बारा घाणे.

आणि हे बारा घाणे कोण भाजत होतं? मी तर साडेदहा ते सहा ऑफिसात. आई भाजत होत्या. वय चौसष्ट. मी संध्याकाळी घरी यायचे, गार झालेलं भरून गिरणीत न्यायचे, रात्री पाकिटं भरायचे आणि रविवारी स्कूटीवरून गावभर पोचवायचे. सिडको, इंदिरानगर, पंचवटी, कॉलेज रोड. एका किलोसाठी एक चक्कर, असंही केलंय.

आणि फोन! ‘ताई, भाजणी आहे का?’ ‘ताई, दर काय?’ ‘ताई, अर्धा किलो मिळेल का?’ ‘ताई, चकली तुटते, काय करू?’ तोच प्रश्न चाळीस वेळा, आणि मी चाळीस वेळा नव्याने टाइप करत होते. ऑफिसात टेबलाखाली फोन धरून उत्तरं द्यायचे. एकदा आमच्या साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. पण त्या बघण्याने मला घाम फुटला.

दिवाळी झाली. खर्चाची वही काढली. एका किलोला कच्चा माल, दळण, गॅस, पाकीट, लेबल धरून ११० रुपये खर्च. विक्री १६०. म्हणजे किलोला ५० सुटले. साठ किलोचे तीन हजार. मी खूश. आम्ही त्यातून मुलीला सायकल घ्यायची ठरवली.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, आईंचा उजवा खांदा वरच होईना. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, सध्या काही जास्त काम केलंत का?’ आई म्हणाल्या, ‘छे हो, घरातलंच आपलं.’ घरातलंच! मी शेजारी बसले होते. मला खाली बघावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट त्याच रविवारची. लेक बाहुलीशी खेळत होती. बाहुली बहुतेक काहीतरी मागत असावी. तर ही कानाला पेन्सिलचा डबा लावून तिला म्हणाली, ‘थांब गं जरा, ऑर्डर आलीय.’ आवाज हुबेहूब माझा.

त्या रात्री मी परत वही काढली आणि या वेळेला पैशांच्या शेजारी तास लिहिले. भाजण्याचे ३० तास. आणणं, निवडणं, धुणं, वाळवणं याचे ८. गिरणीचे ६. भरण्याचे १०. पोचवण्याचे १४. फोनवर किती वेळ गेला ते आठवेना, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलं. तिथे रोज कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं. धंद्याचं व्हॉट्सअॅप वेगळं असल्यामुळे आकडा स्वच्छ मिळाला. बावीस तास! एकूण झाले ९०. मग तीन हजारांतून ६०० रुपयांचं पेट्रोल वजा केलं, फुटलेली आणि बदलून दिलेली पाकिटं मिळून २४० वजा केले. उरले २,१६०. भागिले ९०.

चोवीस.

आणि हे चोवीस आम्हा दोघींचे मिळून बरं का. आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात, त्यांच्या पगाराचा तासाचा हिशेब केला तर याच्या दुपटीहून जास्त निघत होता. त्यांना मिळतो तो दर रास्तच आहे. मग प्रश्न असा की आमच्या घामाला एवढीही किंमत का नव्हती? तर ती मीच लावली नव्हती. ९० पैकी ३८ तास तर भाजण्या-निवडण्याचे, ते जवळजवळ सगळे आईंचे. माझी मजुरी विसरले ते विसरले, त्यांचीही विसरले. उद्या माझ्याच पतसंस्थेत कुणी असा ताळेबंद घेऊन आलं असतं तर मी म्हटलं असतं, ‘अहो, पगाराचा खर्च कुठाय यात?’

मंडळी, आपण सगळीकडे ऐकतो, ‘घरबसल्या कमवा’, ‘शून्य भांडवलात धंदा’. शून्य भांडवल असं काही नसतं. कुणाचा तरी खांदा असतो, कुणाची तरी झोप असते, कुणाचा तरी खेळायचा वेळ असतो. माझ्या इन्स्टाग्रामच्या पानावर आईंचा एकही फोटो नव्हता, पण सगळा धंदा त्यांच्या हातावर चालला होता.

मला एक जुनी गोष्ट आठवली. लिज्जत पापड. १५ मार्च १९५९, मुंबईतलं गिरगाव. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्याबरोबरच्या बायका, मिळून सात जणी, ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड करायला बसल्या. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ही गोष्ट खूप ठिकाणी आली होती, मीही तेव्हाच वाचली होती. सगळे त्यातले ८० रुपयेच सांगतात. मला नंतर त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटायला लागली. तिथे पापड लाटणाऱ्या बाईला तिने लाटलेल्या पापडाच्या वजनावर मजुरी मिळते. तीही घरीच लाटते, पण ‘घरातलंच आपलं’ म्हणून तिचं लाटणं फुकट धरलं जात नाही.

तर मग २०२२ च्या दिवाळीला मी काय बदललं, ते सांगते. वहीत लिहून घ्या हवं तर.

पहिलं, दर. खर्च तोवर ११० चा ११५ झाला होता. कामाची पद्धत नीट बसवली तर एका किलोमागे सगळं मिळून अंदाजे सव्वा तास लागेल असं मी धरलं. तासाला १०० रुपये मजुरी म्हणजे १२५. दोन्ही मिळून २४०. एकदम १६० चे २४०! मेसेज टाइप केला आणि दोन दिवस पाठवलाच नाही. शेवटी पाठवला. असा होता: ‘या वर्षी चकली भाजणीचा दर २४० रुपये किलो आहे. गेल्या वर्षी दर ठरवताना आम्ही आमची मजुरी धरली नव्हती, ती या वर्षी धरली आहे.’ बस्स. माफी नाही, लांबण नाही.

काय झालं? काही जणींनी नुसतं बघून सोडून दिलं. एक नात्यातल्या काकू म्हणाल्या, ‘घरचीच ना गं? मग एवढी महाग?’ मी म्हटलं, ‘काकू, घरची आहे म्हणूनच.’ एका निवृत्त शिक्षिका बाईंचं उत्तर आलं, ‘बरोबर केलंस. दोन किलो.’ ऑर्डर साठवरून ४१ किलोवर आली.

दुसरं, फोनचा वेळ. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग आहे, तिथे फोटो, दर, वजन एकदाच भरून ठेवलं. ठरलेली उत्तरं साठवून ठेवायची सोय आहे, एक शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर येतं. दर, पत्ता, टिकते किती दिवस, चकली कशी करायची, अशी सात उत्तरं केली. ‘पैसे आले’, ‘पैसे बाकी’, ‘दिलं’ अशी लेबलं लावली. आणि आपोआप जाणारा मेसेज ठेवला की उत्तर रात्री नऊ ते दहा या वेळेत मिळेल. मला वाटलं होतं लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. लोकांना वेळ माहीत असला की ते थांबतात.

ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल एक. त्यात २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच मेसेज पोचतो. माझे निम्मे मेसेज पहिल्या वर्षी हवेत गेले ते यामुळे. आता पाकिटावरच लिहिते, ‘हा नंबर सेव्ह करा.’

तिसरं, पोचवणं. घरोघरी बंद. दोन ठिकाणं आणि दोन वेळा ठरवल्या, तिथे येऊन न्यायचं. पैसे आधी, यूपीआयवर. इथे एक सावध करते. एकदा कुणीतरी दहा किलोची ऑर्डर देतो म्हणाला आणि ‘पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोटो पाठवला. मी टाकणारच होते. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन पैसे देताना लागतो.

चौथं, इन्स्टाग्राम. पहिल्या वर्षी मी ट्रेंडिंग गाण्यावर रील केलं, परात फिरवत. अकरा हजार लोकांनी बघितलं. ऑर्डरी आल्या दोन, त्यातली एक परराज्यातली. आमच्या ओळखीच्या सीएंनी सांगितलं की दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल छोटी असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, आधी महाराष्ट्रात नीट विक. मग मी रील बदललं. ‘चकली तेलात विरघळते? मोहन जास्त झालंय. चकली पाडताना तुटते? पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून अजून मळा.’ चाळीस सेकंद, गाणं नाही, फक्त हात आणि आवाज. हात आईंचे, आवाजही आईंचा. बघणारे कमी, नऊशेच्या आसपास. पण पानाच्या आकडेवारीत शहर दिसतं, आणि यातले बरेचसे नाशिकचेच होते. त्या एका रीलने सात नवी घरं जोडली. माझ्यासारख्या छोट्या धंद्याला अकरा हजार अनोळखी लोकांपेक्षा आपल्या गावातले नऊशे जास्त कामाचे.

पाचवं, कागदपत्रं. हे मी उशिरा केलं, चुकलंच माझं. खायची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरगुती असली तरी. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये, अर्ज ऑनलाइन. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. शिवाय घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, किंमत, पत्ता आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका. आणि नोकरी करत असाल तर आधी नेमणूकपत्र वाचा. सरकारी नोकरीत तर परवानगीशिवाय धंदा करताच येत नाही. मी आमच्या संस्थेला लेखी कळवून परवानगी घेतली. त्यानंतर साहेबांच्या नजरेची भीती गेली, आणि ऑफिसात धंद्याचा फोन मी उघडतच नाही.

आता दुसऱ्या दिवाळीचा हिशेब. ४१ किलो, किलोला खर्च जाऊन १२५ राहिले, म्हणजे ५,१२५ रुपये. तास किती? ४८. भागाकार करा. तासाला १०६ रुपये आणि वर काही पैसे. एकोणीस किलो कमी विकली, बेचाळीस तास वाचले आणि हातात दुपटीहून जास्त आले.

त्या ४८ तासांतले २६ आईंचे होते. या वेळी त्या सलग भाजत नव्हत्या, दिवसाला एकच घाणा, आणि शनिवार-रविवारचे घाणे मी. दिवाळीनंतर पाकिटात २,६०० रुपये घालून त्यांच्यासमोर ठेवले. त्या म्हणाल्या, ‘वेडी की काय तू? सुनेकडून मजुरी घेऊ?’ मी म्हटलं, ‘सुनेकडून नका घेऊ. भाजणीच्या धंद्याकडून घ्या.’ त्यांनी पाकीट उचललं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. चार दिवस ते तिथेच होतं. मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी पाकीट दिसलं नाही. संध्याकाळी बघते तर आईंच्या चष्म्याच्या काचा नव्या! जुन्या काचांवर दोन वर्षं चरे होते. ‘करू पुढच्या महिन्यात’ असं आम्ही सगळेच म्हणत होतो, मुलगाही आणि सूनही. त्या एकट्या रिक्षाने गेल्या आणि कुणाला न विचारता बदलून आल्या.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आनंद झाला आणि लाजही वाटली.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. खांदा अजून थंडीत दुखतो. दर वाढवल्यावर गेलेल्या काही जणी परत आल्या नाहीत, त्यात एक जवळची मैत्रीण आहे. आणि नऊ ते दहा हा फोनचा तास म्हणजे लेकीच्या झोपायच्या आधीचाच वेळ, तो अजून मला पूर्ण सोडवता आलेला नाही. सध्या गोष्ट आधी आणि फोन नंतर, एवढं ठरवलंय. कधी कधी ती म्हणते, ‘आई, आज दुकान बंद ठेव.’ मग ठेवते. एका रात्रीने काही बिघडत नाही, हेही वहीमुळेच कळलं.

तुमच्यापैकी कुणी केक करत असेल, कुणी ब्लाउज शिवत असेल, कुणी क्रोशाचे रुमाल, कुणी शिकवण्या. रील करा, स्टेटस टाका, सगळं करा. पण त्याच्या आधी एक साधी वही घ्या. तीन रकाने. कोणी काम केलं, काय केलं, किती वेळ लागला. आठ दिवस लिहा. फोनवर घालवलेला वेळही लिहा. घरातलं दुसरं कुणी हात लावत असेल, आई, सासू, बहीण, नवरा, तर त्यांचंही नाव लिहा. मग दर ठरवा. आणि तो सांगताना आवाज खाली घेऊ नका.

जाता जाता एक सांगते. गेल्या महिन्यात थालीपिठाची भाजणी केली. रात्री मी वही मिटतच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, ‘अगं, आजचे माझे अडीच तास लिहिलेस का?’

लिहिले, आई.